वल्ह्यावरचा हात

बाईचा हात वल्ह्याला लागला की मासळी पळते, हे तुम्हांला कुठल्या मासळीने येऊन सांगितलं? नाव घेत नाही तुमचं. घेतलं की तुम्ही म्हणाल, हा मेला आमच्या वाईटावर टपलेला, ह्याचं काय ऐकता. देवळात गावकर म्हणून तुमची बैठक कुठल्या खांबाशी असते ते खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे, तेवढं बस्स झालं. मासळी पळते म्हणून तुम्ही एका रांडावलेल्या बाईची होडी काढून घेतलीत. त्यानंतर तरी मासळी आली? बांगडा त्या वर्षी आला नाही तो नाहीच आला. तेव्हा गावकी बसवून त्या बाईची माफी मागायला तुम्हांला कोणी अडवलं होतं?

पण ही गोष्ट तुमची नाही. तुम्हांला कधी लाज वाटल्याचं कोणी पाहिलेलं नाही. गोष्ट आहे खंडूची. त्याला ती वाटली. उशिरा वाटली, पण वाटली.

खंडू खारवी. भाट्याच्या खाडीच्या अलीकडच्या अंगाला, रत्नागिरीच्या बाजूला त्याचं घर. थोरला भाऊ रघू गलबतावर खलाशी होता. एकोणीसशे तीस साली मंगळुरी कौलं आणायला गेला आणि तिकडेच तापाने आटोपला. गलबत परत आलं, कौलं आली, रघूची वळकटी आली. मागे राहिली त्याची बायको बकुळा आणि आंब्याच्या फळ्यांची एक लहानशी होडी. रघूने ती सुताराच्या उरावर बसून करून घेतली होती. पावसाळाभर ती झापांखाली उपडी पडून होती आणि बकुळा रोज सकाळी उठून तिच्यावरचं शेवाळ खरवडत होती. लोकांना वाटे, नवऱ्याची आठवण म्हणून करते. तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

वाडीतल्या बाया ओहोटीला कालवं काढायला जात. अलीकडचे खडक पायी गाठता येत, म्हणून ते केव्हाच ओरबाडून झाले होते. मोठी कालवं होती पलीकडच्या खडकांवर. तिथे जायला होडी हवी आणि होडीला पुरुष हवा. तो पुरुष खडकाला होडी लावून विडी ओढत बसायचा, बाई कमरेत वाकून बोटं रक्तबंबाळ करून घ्यायची, आणि परत आल्यावर निम्मी कालवं त्याची. ह्याला रीत म्हणायचे.

नारळी पुनव झाली तशी बकुळा दिराच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

"भावजी, मला वल्हं शिकवा."

खंडू फाटलेलं जाळं तुणत होता. तो हसला. "वैनी, डोकं ठिकाणावर हाय ना? बाईमानूस वल्हं मारतं काय?"

"बाईमानूस तरीच्या होडीत बसतं. पाट्या घेऊन बसतं, प्वोर घेऊन बसतं. तवा होडी बाटत नाय?"

"बसनं येगळं."

"येगळं म्हंजी काय ते सांगा."

 खंडूने मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

"शिकवायचं नसंल तर तसं सांगा," बकुळा म्हणाली. "मी होडी इकून टाकते. पलीकडचा कोन घेईल तो घेईल."

भावाची होडी परक्याच्या दारात. हे काही खंडूला सोसणारं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं म्हणून तर ती बोलली. खंडूने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "दुपारच्याला. तिवरांच्या मागं. कोनाला बोलायचं नाय."

दुपारी वाडी झोपते. पहाटे समुद्रावर गेलेले पुरुष जेवून आडवे होतात, कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीत पडतात. खंडूने होडी खाडीच्या वरच्या अंगाला, तिवरांच्या आड नेली. बकुळा लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून चिखलातून आली.

"बस. तोंड माझ्याकडं कर, पाठ नाळेकडं. होडीचं तोंड तुझ्या पाठीशी येतं."

"जायचं तिकडं पाठ करायची? मग दिसंल कसं?"

"मागं बघून पुढं जायचं. तो वाकडा माड बघ. त्याच्या मागं देवळाची दीपमाळ. दोगं एकावर एक ठेव. माड बाजूला सरकला म्हंजी तू वाकडी चाललीस."

बकुळा माडाकडे बघत राहिली. "म्हंजी जे सोडून आलो तेच बघत ऱ्हायचं."

"तसंच काय ते," खंडू म्हणाला. त्याने वल्ही तिच्याकडे सरकवली.

पहिल्या दिवशी तिने वल्ही इतकी खोल घातली की होडी जागच्या जागी डुलत राहिली. "पानी खनतेस काय, वैनी? लावनी करताना चिखलात बोटं कितीक घालतेस? पातं तेवढंच बुडवायचं." मग ती इतकी वर ओढू लागली की पातं नुसतं पाणी उडवी आणि खंडू चिंब होई. एकदा पातं पाण्यात वाकडं रुतलं, मूठ उलटी येऊन तिच्या छातीत बसली, आणि बकुळा पाय वर करून होडीच्या तळाशी आडवी झाली. खंडू आधी घाबरला. मग तिला हसू फुटलं. तोही हसला. रघू गेल्यापासून तिला कोणी हसताना पाहिलं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने पटकन तोंडावर पदर घेतला आणि तिवरांकडे पाहिलं. कोणी नव्हतं. एक ढोकरी तेवढी माशावर टपून चिखलात उभी होती.

खंडू शिकवत गेला. दोन्ही वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. ओढायचं ते हातांनी नव्हे, पाठीने, पाय आडव्या फळीला रेटून. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली असेल तर आधी पाण्याच्या अंगावर वर जायचं, म्हणजे दमलं तरी पाणीच माघारी आणतं. आणि सुकतीत तिवरांच्या खाली खाडीच्या तोंडाकडे कधी जायचं नाही. "तिथली वाळू मोठमोठी गलबतं खाते, तुझी होडी म्हंजी पानसुपारी."

सांगून कळलं नाही की तो स्वतः वल्ह्यावर बसे, आणि ती समोर बसून त्याचे हात बघे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी दोरात सापडून गेली होती. ती बघे आणि मग तो करी तसं करी.  पुढे पुढे खंडू काठावर बसून नुसता बघू लागला. होडी पाण्यावरून येताना बघून त्याची छाती भरून येई, आणि हे कोणाला सांगता येत नाही म्हणून चुटपुट लागे.

गौरी-गणपती झाल्यावर बकुळा म्हणाली, "भावजी, चोरी केल्यागत कितीक दिस? पाटीभर कालवं काय पदराखाली लपतात?"

"अजून थोडं थांब."

"कशाला?"

कशाला ते खंडूला ठाऊक होतं, पण सांगायला धीर झाला नाही.

ती थांबली नाही. सकाळच्या उन्हात, वाडीतले पुरुष काठावर जाळी वाळत घालत असताना, बकुळा पलीकडच्या खडकांवरून होडी हाकत सरळ सगळ्यांसमोर आली. होडीत पाटी शिगोशीग.  जाळ्यावरचे हात थांबले. तुम्हीही होतात. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होतात, आणि मग घराकडे वळलात. खंडूही होता. त्याने मान खाली घातली आणि नसलेली गाठ सोडवू लागला. त्याच्या लाजेची सुरुवात तिथली.

एकटी बकुळा गेली असती तर तुम्ही कदाचित कानाडोळा केला असतात. पण पुढच्या आठवड्यात मालन तिच्या होडीत बसून गेली. मग चिमा गेली. परत आल्यावर निम्मी कालवं कोणाला द्यावी लागली नाहीत. विहिरीवर बाया बोलू लागल्या, "बकुळे, मला पन शिकव गो." तेव्हा तुम्हांला मासळी आठवली. योगायोगाने बांगडा लांबला होताच.

गावकी बसायची त्या सकाळी खंडूच्या बायकोने, सगुणाने, त्याच्यापुढे पेज ठेवली आणि ताट धरूनच बोलली. "आज तोंड उघडायचं नाय. कमळाची सोयरीक बोलायला मान्सं येनार हायेत. वाळीत टाकलं तर ह्या दारात पानी कोन पील?"

"मी काय बोलतो हाय?"

"बोलत नायस, पन तुझा चेहरा बोलतोय."

"वैनीचं काय होईल?"

"जे होईल ते तिचं होईल. तिनं इचार करून केलानी. आमच्या पोरीनं काय केलंय?"

सगुणाला दोष द्यायला सोपं आहे. वाळीत पडलेल्या घराची होडी ओढायला कोणी हात देत नाही, मयताला खांदा देत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भीती तिची खरी होती. ती घालून कोणी ठेवली होती ते तुम्हांला सांगायला नको.

देवळात पुरुष आत बसले, बाया बाहेर पायऱ्यांशी. मधे पाटावर नारळ. गावकीत जो बोलेल त्याने नारळावर हात ठेवून बोलायचं, म्हणजे देव ऐकतो. तुम्ही खंडूला पुढे बोलावलंत.

"खंडू, हात ठेव. रघूच्या बायकोला वल्हं कोनी शिकवलं, तुला ठाऊक हाय?"

खंडूने हात ठेवला. तो थोटा उजवा हात. शेंडी बोटांना टोचली.  सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. कमळाचा चेहरा समोर आला. मग रघूचा आला. 

"नाय," खंडू म्हणाला.

"ठाऊक नाय?"

"नाय ठाऊक."

तुम्ही मान डोलावलीत. शांतपणे. मग बाहेर बघून विचारलंत, "बाये, तू सांग. कोनी शिकवलं?"

"माझी मी शिकले," बकुळा म्हणाली.

"पान्यात पडून?" कोणीतरी आतून ओरडलं. हशा झाला.

"पडून नि उठून," ती म्हणाली. हशा थांबला.

तिने एक शब्द उच्चारला असता तर खंडू तिथेच उघडा पडला असता. ती उच्चारणार नाही हे त्याला बोलायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणूनच तो बोलू शकला. हे त्याला देवळातच कळलं.

निवाडा तुम्ही दिलात. बाईने पुन्हा वल्ह्याला हात लावायचा नाही. होडीच्या नावाने समुद्राला नारळ द्यायचा. आणि होडी रघूची, रघूच्या मागे ती त्याच्या भावाची. खंडूने ती आपल्याकडे न्यावी.

खंडूने वर पाहिलं. नको म्हणायला एवढी जागा होती, माणूसभर. त्याने पुन्हा मान खाली घातली. लोकांनी तो होकार धरला. होकारच होता तो.

दुसऱ्या दिवशी तो वल्ही आणायला गेला. जाऊ नये म्हणून त्याने अंगणात पुष्कळ वेळ काढला होता. बकुळाने वल्ही आधीच धुऊन भिंतीला लावून ठेवली होती. तिने ती उचलून त्याच्या हातात दिली.

"उजव्या खुंटीची दोरी झिजलीय भावजी. बदला. ऐन पान्यात तुटायची."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी खाऊन माणूस मोकळा होतो. खंडू वल्ही खांद्यावर टाकून निघाला तो रस्त्यात कोणाकडे न बघता. घरी सगुणाने होडीला कुंकू लावलं. सोयरीक बोलायला आलेल्या माणसांनी दारातली होडी बघितली, आणि कमळाचं जमलं. खंडूला त्या दिवशी पुरणपोळी गिळताना त्रास झाला. सगुणा म्हणाली, "आनंदानं घास अडकतो कवा कवा."

मग एक दिवस पलीकडे जायचं काम निघालं. त्याची मोठी नौका डागडुजीला काढली होती, म्हणून खंडूने ती होडी काढली. येताना काठावर धोंडू तांडेल उभा होता. धोंडू म्हणजे मोकळ्या तोंडाचा माणूस, मनात पाप नाही आणि तोंडाला झडप नाही. होडी वाळूला लागायच्या आधीच तो हसायला लागला.

"मायला खंडू, मला वाटलं बकुळा परत पान्यात उतरली!"

"कशावरनं?"

"अरे हात बघून! तो तुझा उजव्या अंगाचा झटका. वल्हं आधी उचलतोस नि खांद्यानं हिसका देतोस. लंगड्या बैलागत. तिचं पन हुबेहूब तसंच. तिच्या हाताला काय धाड भरली होती? दहाच्या दहा बोटं हायेत तिची!" धोंडूने मांडीवर थाप मारली. "बिचारीला वाटलं, वल्हं असंच मारतात."

खंडू होडीतच बसून राहिला. आपण असं वल्हवतो हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय कारण? काठावरचा खारवी लांबून येणाऱ्या होडीतलं माणूस तोंडावरून ओळखत नाही, तोंड पलीकडे असतं. तो हातावरून ओळखतो. खंडू स्वतः धोंडूला तसंच ओळखायचा.

"म्हंजी," तो कसाबसा म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"मला? पयल्याच दिवशी सगळ्या काठाला ठाऊक झालं. गावकरांनीच आधी वळखलानी. डोळ्यांवर हात धरून बघितलं नि जाताना हळूच म्हनाले, हा हात खंडूचा."

"आनि मला नारळावर हात ठेवायला लावलानी."

धोंडूचं हसू ओसरलं. "तुला काय वाटलं, आमी फसलो? सोड रे. झालं ते झालं. तुला होडी मिळाली ना?"

आजवर खंडूची लाज त्याच्या एकट्याची होती. रात्री पांघरुणात घेऊन झोपायची, सकाळी धोतराच्या केळात खोचून हिंडायची. आता कळलं की ती सगळ्या वाडीने आधीच बघून ठेवली होती. त्याने नारळावर हात ठेवला तेव्हा देवळातला एकूण एक माणूस जाणत होता की हा खोटं बोलतो आहे. आणि एकूण एक माणूस मान डोलावत होता.

तो होडी तशीच घेऊन बकुळाच्या दारापुढच्या काठाला आला. ती अलीकडच्या खडकांवरची बारकी कालवं फोडत बसली होती. नखाएवढी एकेक.

"वैनी, तुझी होडी आनलीय."

"कोनी सांगितलं?"

"मी. माझ्या मनानं."

बकुळाने हातातलं कालव फोडलं, वाटीत टाकलं. "तुमच्या मनानं तुमी शिकवलंत. तुमच्याच मनानं नाय म्हनालात. आता तुमच्या मनानं होडी देताय. उद्या तुमच्या मनात काय येईल, भावजी?"

 खंडूने विषय बदलल्यासारखं केलं. "सगळ्यांना ठाऊक होतं वैनी. माझ्या हातावरनं वळखलानी. तुला उमगलं होतं?"

"विहिरीवर मालन हसायची, तवा उमगलं."

"गावकीच्या आधी?"

"आधी."

"मग तू बोलली का नायस?"

"मी कशाला बोलू?" बकुळा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "हात तुमचा होता नारळावर. होडी मला दारामागनं नको. जिथं काढून घेतलानी तिथं द्या म्हनाव. नि त्याच्या आधी तिथंच तुमच्या तोंडातनं येऊ दे काय ते. नायतर न्या परत. कमळाला आंदन द्या."

दसऱ्याला सगळी वाडी देवळात जमली. आपट्याची पानं वाटून झाली होती, तुम्ही तुमच्या खांबाशी बसला होतात. खंडू पुढे आला. लोकांना वाटलं, सोनं द्यायला आला. सगुणाने बाहेरून त्याचा चेहरा पाहिला आणि कमळाचा हात घट्ट धरला. खंडूने कोनाड्यातला नारळ उचलून पाटावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"बकुळावैनीला वल्हं मी शिकवलं," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "मी शिकवलं. त्या दिवशी मी इथं खोटं बोललो."

आपण हे बोललो की आभाळ कोसळेल असं त्याला वाटलं होतं. काही कोसळलं नाही. कोणी खोकलं. कोणी हसू दाबलं. तुम्ही पानाला चुना लावत होतात.

"ठाऊक हाय रे," तुम्ही म्हणालात. "बस खाली. सनासुदीचं नको."

हे त्याच्या वर्मी लागलं. कबुलीसुद्धा तुम्ही त्याला धड करू दिली नाहीत. मान खाली घालून आलेला माणूस होता तो, पण तुमच्या त्या वाक्याने त्याची मान वर झाली.

"ठाऊक होतं, तर मला इचारलंत कशाला?"

"खंडू, बस म्हनतोय ना."

"नाय बसनार. मला लाज वाटायची ती वाटून झाली, आता माझ्याकडं गमवायला ती बी नाय. सोयरीक मोडली तर मोडू दे." बाहेर सगुणाने तोंडावर हात घेतला. खंडूने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "तुमाला खरं ठाऊक होतं. तरी देवाच्या म्होरं माझा हात ह्या नारळावर ठेवलात नि खोटं वदवून घेतलंत. त्या खोट्यावर निवाडा केलात. त्या निवाड्यावर एका बाईचं पोट काढून माझ्या दारात बांधलंत. मी भ्यालो होतो. मी पापी, मान्य. पन तुमी कशाला भ्यालात? तुमच्या कुठल्या पोरीची सोयरीक अडली होती?"

 पायऱ्यांशी बाया उभ्या राहिल्या होत्या, मालन, चिमा, आणि त्यांच्या मागे बकुळा. तुमच्या हातातलं पान तसंच राहिलं होतं, चुना लावलेलं, न दुमडलेलं.

"ह्या नारळावर आता तुमी हात ठेवा," खंडू म्हणाला, "आनि सगळ्यांच्या देखत सांगा. ती होडी कोनाची?"